आधी कान, मग अक्षर



वसंत ऋतूत संध्याकाळी एकत्र जमावे आणि कुणा जाणत्याचे चार शब्द ऐकावेत, ही सवय महाराष्ट्राला लागून दीडशे वर्षांच्या घरात काळ लोटला आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. त्या वेळी छापील पुस्तके होती, वर्तमानपत्रे निघत होती आणि सभेला येणारे बहुतेक श्रोते स्वतः वाचणारेच होते. मग वाचता येणाऱ्या माणसांना ऐकायला येण्याची गरज का वाटावी? याचे उत्तर आपण सर्वजण अनुभवाने जाणतो. बोलणारा कठीण ठिकाणी थांबतो, एखादा शब्द उलगडून सांगतो, श्रोत्यांच्या तोंडाकडे पाहून उदाहरण देतो. जे पुस्तकातून एकट्याला उमगले नसते ते कानावाटे मनात उतरते. मोठ्या माणसांची ही गरज आपण मान्य केली, तिच्यासाठी संस्था काढल्या, मंडप घातले. लहान मुलांच्या बाबतीत मात्र आपली समजूत अशी की, एकदा अक्षरे ओळखू लागली की त्यांना वाचून दाखवण्याचे कारण उरत नाही. ही समजूत कितपत खरी आहे, हे आपल्याच इतिहासाच्या आधाराने तपासून पाहावे, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम एक लहानसा अनुभव सांगतो. मागे एका शाळेत मी तिसरीच्या वर्गात बसलो होतो. एका चुणचुणीत मुलाने धडा वाचून दाखवला. उच्चार स्वच्छ, अडखळणे नाही, बाईंच्या चेहऱ्यावर समाधान. धड्यात एक वाक्य होते, ‘आजोबा ओसरीवर बसले होते.’ मी त्याला विचारले, ‘बाळ, आजोबा कुठे बसले होते?’ तो म्हणाला, ‘ओसरीवर.’ मी म्हटले, ‘ओसरी म्हणजे काय रे?’ त्याने थोडा विचार केला आणि सांगितले, ‘खुर्ची असेल.’ वर्ग हसला, तोही हसला. पण मला हसू आले नाही. त्या मुलाचा तर्क चांगला होता; बसायचे म्हणजे खुर्ची. त्याने ओसरी पाहिली नव्हती, हाही त्याचा दोष नव्हे. पण आठ वर्षांच्या आयुष्यात हा शब्द त्याच्या कानावर कुणी घातलाच नव्हता. डोळ्यांनी अक्षरे उचलली, तोंडाने ती उच्चारली. आत मात्र काहीच पोहोचले नाही. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे.

जुनी शाळा आणि जुने घर

आपली जुनी शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचे, ओनामा घोकायचा, बाराखडी, उजळणी, पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी मुखोद्गत करायची, आणि संध्याकाळी परवचा म्हणायचा. थोडे पुढे गेले की मोडी वळण आणि पत्रांचे वाचन. या शाळेला नावे ठेवण्याची आता चाल पडली आहे. पण हिशेबाच्या कामात तिने तयार केलेली माणसे पटाईत होती, हे विसरता कामा नये. तिची उणीव वेगळी होती. पाठ केलेल्याचा अर्थ सांगणे हे पंतोजी आपले काम समजत नसत. घोकंपट्टीने स्मरणशक्ती तयार झाली. समज तयार झाली ती अन्यत्र.

ती झाली घरात आणि देवळात. श्रीधरस्वामींनी १७०२ ते १७१८ या काळात हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप आणि शिवलीलामृत हे ग्रंथ रचले. पुढची दोन शतके या पोथ्या महाराष्ट्रात गावोगाव वाचल्या गेल्या. श्रावण आला की कुणाच्या तरी पडवीत पोथी लागे. वाचणारा ओवी म्हणे, थांबे, आणि तिचा अर्थ सोपा करून सांगे. ऐकणाऱ्यांत अक्षरशत्रू माणसे असत, घरच्या बायका असत, आणि त्यांच्या मांडीवर किंवा खांबाला टेकून बसलेली मुले असत. या मुलांसाठी ही पोथी नव्हती. पण त्यांच्या कानांवर ती पडतच होती. दुसऱ्या वर्षी पुन्हा तीच पोथी, पुन्हा त्याच ओव्या. जो शब्द गेल्या वर्षी नुसता नाद होता, तो यंदा अर्थ घेऊन येई.

१९०१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात साक्षरांचे प्रमाण शेकडा सुमारे सव्वापाच भरले, आणि स्त्रियांचे तर शेकडा एकापर्यंतही पोहोचले नाही. तरीसुद्धा त्या पिढीतल्या आजीबाईंच्या बोलण्यातली मराठी आपण आठवून पाहावी. तिला एक अक्षर वाचता येत नसे. पण ‘विषाद’, ‘कृपण’, ‘सारथी’, ‘निर्वाण’ असले शब्द तिच्या तोंडी सहज असत आणि ते योग्य ठिकाणी पडत. ती वाचायला शिकली नव्हती, पण वाचन तिने ऐकले होते. या पोथीवाचनात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या, त्या आपण ध्यानात ठेवू या, कारण पुढे त्यांचे काम आहे. पहिली ही की, त्यातली भाषा रोजच्या बोलण्यापेक्षा संपन्न होती. दुसरी, वाचणारा थांबून अर्थ सांगत होता. आणि तिसरी, तेच पुनःपुन्हा ऐकायला मिळत होते.

मात्र या चित्राला एक काळी बाजू आहे, आणि ती झाकून इतिहास सांगणे हे खोटेपणाचे होईल. पंतोजींच्या शाळेचे दार जसे सर्वांना उघडे नव्हते, तसे देवळातले पुराणही सर्वांना जवळ बसून ऐकता येत नव्हते. शब्दांची ही शिदोरी जातीजातीप्रमाणे वाटली गेली होती. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात शाळा काढल्या, त्यांचे महत्त्व यासाठीही आहे. त्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मातंग समाजातली लहान मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. आजही तो वाचताना अंगावर शहारे येतात. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या ग्रंथांच्या आसपास फिरकू दिले नव्हते, त्यातल्या मुलीच्या कानांवर नीट शब्द पडताच ती त्याच शब्दांनी जाब विचारू लागली. शब्दसंग्रह हा काही केवळ परीक्षेतल्या गुणांचा विषय नाही. ज्याच्याजवळ शब्द नाही त्याला आपले गाऱ्हाणेदेखील मांडता येत नाही.

छापखान्यानंतर

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि मुलांसाठी म्हणून पुस्तके निघू लागली. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ प्रसिद्ध केले. मूळ पुस्तक बर्क्वीन या फ्रेंच लेखकाचे, ते इंग्रजीतून आपल्याकडे आले. त्याच वर्षी छत्र्यांनी इसापाच्या गोष्टीही मराठीत आणल्या. तोपर्यंत मुलांच्या कानी पडणारी ग्रंथांतली मराठी ही प्रायः ओवीबद्ध होती. आता घरातल्या आईबापांसारखी आणि भावंडांसारखी बोलणारी, पण छापील अशी गद्य मराठी मुलांना मिळाली. हा बदल लहान नव्हे.

दुसरा बदल त्याहून बारीक, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. जुन्या पोथ्यांत शब्द एकमेकांना जोडून लिहिलेले असत. कुठे तोडायचे, कुठे थांबायचे, हे वाचणाऱ्याने जाणायचे. मेजर थॉमस कँडी यांनी विरामचिन्हांवर मराठीत पुस्तक लिहिले, ते १८५० चे. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह यांची आज आपल्याला इतकी सवय झाली आहे की, ती मुळात कशासाठी आली हे ध्यानात येत नाही. वाचणाऱ्याने कुठे श्वास घ्यावा आणि कुठे आवाज चढवावा, याची खूण म्हणजे विरामचिन्ह. पुस्तक मोठ्याने वाचले जाणार, ते कुणीतरी ऐकणार, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

पण याच काळात सरकारी शाळांतून एक उलटी गोष्ट घडू लागली. क्रमिक पुस्तके आली, इयत्ता आल्या, आणि वर्षाकाठी तपासणीला इन्स्पेक्टरसाहेब येऊ लागले. साहेबांसमोर मुलाने उभे राहून धडा खड्या आवाजात वाचायचा. मोठ्याने वाचणे राहिले, परंतु त्याची दिशा फिरली. पूर्वी जाणता वाचत होता आणि मूल ऐकत होते. आता मूल वाचू लागले आणि जाणता ऐकू लागला. पूर्वी वाचन हे दान होते, आता ते परीक्षा झाले. एडमंड ह्यूई या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०८ साली वाचनाच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने शाळांतल्या या खड्या आवाजातल्या वाचनावर टीका केली, आणि मुलाच्या वाचनाचे खरे मर्म आईबापांनी त्याला वाचून दाखवण्यात आहे असा अभिप्राय दिला. म्हणजे हा रोग केवळ आपल्याच शाळांना जडला होता असे नाही.

सुदैवाने शाळेबाहेर दुसरा प्रवाह चालू राहिला. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक काढले आणि १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. चरित्रे, कविता, शास्त्रीय माहिती, सगळे सोप्या आणि शुद्ध मराठीत. वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ मासिक १९०६ साली निघाले. आपट्यांच्या बाबतीत एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. मुलांसाठी मासिक चालवणाऱ्या याच गृहस्थांनी ‘शब्दरत्नाकर’ हा मराठी कोशही तयार केला. कोशात शब्द अकारविल्हे मांडायचा आणि मुलाला तो गोष्टीत गुंफून द्यायचा, ही दोन्ही कामे त्यांनी केली. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तीत साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. पण कोश वाचून कुणी मूल भाषा शिकले आहे काय? मुलाला शब्द भेटावा लागतो तो माणसांच्या संगतीत, कुणाच्या तरी सुखदुःखाला चिकटलेला.

साने गुरुजींनी हे पुरेपूर ओळखले होते. अमळनेरच्या शाळेत आणि छात्रालयात त्यांनी मुलांची मने जिंकली ती बोलून आणि गोष्टी सांगून. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली, ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची रचना पाहा. तिच्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. श्याम सांगतो आणि भोवती बसलेली मंडळी ऐकतात. हे पुस्तक महाराष्ट्रात घरोघर मोठ्याने वाचले गेले, वाचता वाचता वाचणाऱ्याचा कंठ दाटून आला, आणि ऐकणाऱ्या मुलाने डोळे पुसत पुढे काय झाले म्हणून विचारले. कोकणातले घर, तिथली झाडे, तिथले सणवार यांचे कितीतरी शब्द देशावरच्या आणि विदर्भातल्या मुलांना असे मिळाले.

भावनगर, बोर्डी, कोसबाड

ही गोष्ट शास्त्र म्हणून हाती घेतली ती गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. गिजुभाई पेशाने वकील. १९२० साली त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. १९२३ मध्ये ताराबाई त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ पुष्कळांनी वाचले असेल. त्यातला शिक्षक दंगेखोर वर्गात शिरतो आणि पहिल्याच दिवसांत गोष्ट सुरू करतो. गोष्टीत रंगलेली मुले पुढे आपणहून पुस्तकांकडे वळतात, आणि पाठ्यपुस्तकांच्या पैशात वर्गासाठी वाचनालय उभे राहते. आधी कान, मग अक्षर, हा क्रम तेथे स्पष्ट आहे.

ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण भागात काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९७५ मध्ये भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना निघाली आणि तो शब्द देशभर झाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली गेली, तिला नावच पडले कुरणशाळा. या मुलांना शब्द नव्हते असे नाही. रानातल्या झाडांची, पाखरांची, पावसाच्या तऱ्हांची नावे त्यांना शहरातल्या मुलापेक्षा अधिक ठाऊक होती. नव्हती ती पुस्तकातली मराठी. अशा मुलाच्या हाती एकदम पुस्तक देणे म्हणजे पोहायला न शिकवता पाण्यात ढकलणे. त्याच्या बोलीतून गाणी, गोष्टी, गप्पा करीत पुस्तकाच्या काठापर्यंत त्याला आणावे लागते. हे काम या दोन बायांनी आयुष्यभर केले.

कसोटीवर काय ठरले

आता कुणी म्हणेल, हे सारे भावनेचे झाले, याला पुरावा काय? पुरावा आहे, आणि तो दूरदेशी काळजीपूर्वक गोळा केलेला आहे. न्यूझीलंडमधील वॉर्विक एली या शिक्षणशास्त्रज्ञाने १९८९ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. सात-आठ वर्षांच्या मुलांना एक गोष्ट काही दिवसांच्या अंतराने तीन वेळा वाचून दाखवली. आधी आणि नंतर, गोष्टीतल्या निवडक कठीण शब्दांची चाचणी घेतली. एका गोष्टीच्या बाबतीत नुसते वाचून दाखवल्याने गुण शेकडा सुमारे १५ नी वाढले. वाचताना शिक्षकाने शब्दापाशी क्षणभर थांबून सोपा पर्याय सांगितला, हावभाव केला किंवा चित्रावर बोट ठेवले, तेव्हा वाढ शेकडा सुमारे ४० झाली. मागाहून पुन्हा चाचणी घेतली तेव्हाही बरेचसे शब्द टिकून होते. दुसऱ्या एका गोष्टीला मात्र एवढे यश आले नाही. मुलांचे मन तिच्यात गुंतले नाही, असे एलींना दिसले. म्हणजे कसलीही गोष्ट चालत नाही, रंगणारी गोष्ट हवी.

त्याआधी १९८० च्या सुमारास एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी फिजी बेटांवर आणखी मोठा प्रयोग केला होता. ज्यांना पुस्तके जवळजवळ ठाऊकच नव्हती अशा आठ ग्रामीण शाळांना प्रत्येकी अडीचशे सचित्र गोष्टींची इंग्रजी पुस्तके दिली. आठ महिन्यांनी पाहिले तो त्या चौथी-पाचवीतल्या मुलांची वाचून आणि ऐकून समजण्याची प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झालेली आढळली. इंग्रजी ही त्यांच्या घरची भाषा नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे.

आणि बोलण्याने जे होत नाही ते वाचून दाखवण्याने का होते? हेज आणि आहरेन्स या अमेरिकन संशोधकांनी १९८८ साली शब्दांची मोजदाद केली. सुशिक्षित प्रौढांच्या आपसातल्या गप्पांत दर हजारी सुमारे १७ विरळा शब्द येतात; लहान मुलांच्या पुस्तकांत ते सुमारे ३१ असतात. ही गणती इंग्रजीची आहे, पण तिचे कारण कोणत्याही भाषेला लागू पडावे असे आहे. आपण घरात ‘हे घे’, ‘ते ठेव’, ‘लवकर आवर’ एवढ्यावर दिवस काढतो. समोर वस्तू असली म्हणजे शब्दाचे काम बोटाने भागते. पुस्तकात बोट दाखवायला जागा नाही. तिथे शब्दालाच सगळे दाखवावे लागते.

आता आपण त्या पडवीतल्या पोथीकडे परत जाऊ. संपन्न भाषा, थांबून सांगितलेला अर्थ, आणि पुनरावृत्ती. न्यूझीलंडच्या वर्गात जे मोजून सिद्ध झाले, ते आपल्या घरात न मोजता चालू होते. आपण ते का सोडले? पोथीतला विषय नको असेल तर खुशाल सोडावा. पण विषयाबरोबर पद्धतही टाकून दिली, ही आपली चूक झाली.

आज आपल्यापुढे

मी असे म्हणत नाही की वाचून दाखवले म्हणजे अक्षरे शिकवण्याची गरज नाही. गफ आणि टन्मर या दोघा अभ्यासकांनी १९८६ साली मांडले की वाचन हा एक गुणाकार आहे. एकीकडे अक्षरे उलगडण्याची शक्ती, दुसरीकडे ऐकलेली भाषा समजण्याची शक्ती. पावकी-निमकी पाठ करणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगायला नको की, गुणाकारात एक आकडा शून्य असला की सारे शून्य होते. आपले दुखणे दोन्हीकडे आहे. २०२२ च्या ‘असर’ पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी शेकडा सुमारे ४३ मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. उरलेल्या मुलांना तेवढाही मजकूर वाचता आला नाही. आणि जी वाचू शकली, त्यांत ‘ओसरी म्हणजे खुर्ची’ असे समजणारी किती असतील, याची कल्पना केलेली बरी.

शाळेने काय करावे हे शाळा पाहील. रोज दहा मिनिटे शिक्षकाने पुस्तक हाती घेऊन मुलांना वाचून दाखवावे आणि त्यावर परीक्षा घेऊ नये, इतकेच मी सुचवीन. पण खरा प्रश्न घराचा आहे. मूल दुसरी-तिसरीत गेले, अडखळत का होईना वाचू लागले, की आई म्हणते, ‘आता तुझे तू वाच.’ नेमके याच वेळी त्याची समज त्याच्या अक्षरज्ञानाच्या पुष्कळ पुढे असते. त्याला स्वतः वाचता येते ‘कमल नमन कर’. आणि ऐकून समजू शकते ती संपूर्ण सिंदबादची सफर. त्याचा हात आपण सोडतो तो नेमका अर्ध्या वाटेवर.

ज्या घरात आईबापांना वाचता येत नाही त्यांनी काय करावे? त्यांनी गोष्ट सांगावी, गाणे म्हणावे, आणि थोरल्या मुलीकडून धाकट्यासाठी वाचून घ्यावे. स्वतःही ऐकत बसावे. गावातल्या वाचनालयाने आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी. आज घरोघर गोष्टी सांगणारी यंत्रे आली आहेत, त्यांचा मी द्वेष करीत नाही. पण मूल मध्येच ‘ओसरी म्हणजे काय?’ असे विचारते, तेव्हा यंत्र बहुधा आपल्याच नादात पुढे निघून जाते. वडील थांबतात. त्या थांबण्यात सगळे शिक्षण आहे.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगून मी आपली रजा घेतो. त्या दिवशी मी फळ्यावर एक घर काढले, पुढे ओटा काढला, त्यावर आजोबा बसवले, आणि बाईंच्या परवानगीने तोच धडा वर्गाला वाचून दाखवला. ओसरी आली तेथे थांबलो. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा मुलेच माझ्याआधी ‘ओसरीवर’ म्हणून ओरडली. घंटा झाली. तो मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, ‘आमच्या आजोबांना ओसरी नाहीये. ते जिन्यात बसतात.’

शब्द त्याच्या घरी पोहोचला होता. याहून अधिक मला काही सांगावयाचे नाही.